पाचवा फाउल

रविवार संध्याकाळ, पांढरकवडा

सकाळी टीव्हीवर बातमी: माझ्या लाडक्या अमेरिकन बास्केटबॉलपटूने पंचाला ढकललं. बंदी एकाच सामन्याची. एखाद्या नवख्याला वर्षभर बसवलं असतं. मी ओरडले, "मोठ्यांना वेगळा न्याय कायले?"

दुपारी कळंबला मुलीचा बास्केटबॉलचा सामना होता. शेवटी शेवटी पंचाने फाउल दिला, तो तिच्या मैत्रिणीला. माझ्या पोरीने हात वर केला. "सर, माहा हात लागला." तिचा तो पाचवा फाउल, म्हणजे मैदानाबाहेर. तिच्याविना आम्ही एका गुणाने हरलो.

एसटीत विचारलं, "काहून सांगतलं वं?"

"तूच तं सकाळी टीव्हीसमोर ओरडून राह्यलती, आई."

मी केला असता हात वर? माहीत नाही. पण तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळचा तो सात फुटी गडी आता बुटका वाटतो.