विळीचा पाना

आबा,

फटफटी गेली. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्रभर शोधत बसाल, म्हातारीनं कुठं ठोकली की काय म्हणून. ठोकली नाही, विकली. कोल्हापूरचा एक माणूस टेम्पो घेऊन आला, दोन फळ्या लावून तिला वर चढवली, दोरानं बांधली आणि पालीच्या रस्त्यानं घेऊन गेला. तीन रविवार झाले त्याला. पडवीतल्या जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिलाय, आणि त्यावर मांजर जाऊन बसतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेही तुम्ही आईशी भांडून शिकवलंत, तेव्हा माझ्या चुका काढू नका. कागद नव्हता म्हणून कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर लिहितेय.

गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा तुम्ही त्याचे ड्रायव्हर. त्यानं मोटार दुसऱ्या साहेबाला दिली आणि ही तुमच्या गळ्यात घातली. तुम्ही ती ढकलत घरी आणलीत तो दिवस मला आठवतो, मी पायरीवर बसून पोह्याचे पापड राखत होते. आई बाहेर आली, तिनं फटफटीला एक फेरी घातली आणि विचारलं, "हिला दूध येतं काय?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "नाय." "मग खाते काय?" "पेट्रोल." आई आत गेली ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग तुमचं ते रविवारचं सुरू झालं. आठवडाभर लोकांच्या मोटारी हाकायच्या आणि रविवारी सकाळी आपली फटफटी काढून निघायचं. बाजार नाही, काम नाही, कुणाकडं लग्न नाही, बारसं नाही. वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, "कुठं चाललात?" तुम्ही म्हणायचात, "कुठं नाय." "मग जाता कशाला?" "परत यायला." लोकांना वाटायचं साहेबाबरोबर राहून ह्याच्या डोक्यात वारं शिरलं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यात तुम्ही तिची बडदास्त ठेवायचात ती होडीसारखी. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकतात, तशी तुम्ही तिला पडवीत उभी करून, चाकांच्या तारा नि तारा खोबरेलानं पुसून, वरून चारी बाजूंनी झाप बांधायचात. नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी समुद्राला नारळ दिला की ती बाहेर यायची, मधले दिवस तिला हात लावायचा नाही. मी नऊ वर्षांची असताना तुमची पाठ धरली आणि झाप विणायचे राहिले. मी शहाणपणा केला. हर्ण्याची सुकी मासळी विकायला एक मावशी यायची, तिच्याकडून रिकामी गोणपाटं मागून आणली, झटकली, उन्हात घातली आणि फटफटी छान गुंडाळून ठेवली. वास येत होता, पण आपल्या घरात सुक्या बोंबलाच्या वासाचं कुणाला काय? पौर्णिमेला तुम्ही गोणपाट ओढलंत. तारा गंजून लाल झालेल्या, टाकीवर फोड आलेले, देवी आल्यासारखे. गोणपाटातलं मीठ सगळा पावसाळा पाणी धरून बसलं होतं.

मी मार खायला तयार होऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं पण नाहीत. फटफटीसमोर उकिडवे बसून तिलाच म्हणालात, "तुला तोंड नाय, म्हणून गप ऱ्हायलीस. अडीच महिने मीठ खात बसलीस बिचारी." माराला मी एक दिवस रडले असते, ह्याला किती दिवस रडले ते विचारू नका. मग तुम्ही काथ्या, चुलीतली राख आणि खोबरेलाची वाटी माझ्यापुढं ठेवलीत. मी रोज शाळेतून येते, दप्तर टाकते आणि बसते. एक तार, दुसरी तार. बोटांची सालटं निघतात. आई आतून ओरडते, "पोरीला काय लोहार करता काय!" तुम्ही वाटीत आणखी खोबरेल ओतता. सगळं झालं त्या दिवशी तुम्ही एका तारेवरून बोट फिरवलंत, बोटाकडं बघितलंत आणि म्हणालात, "बस मागं." पालीपर्यंत गेलो. तिथं हॉटेलात तुम्ही मला अख्खा कप चहा घेऊन दिलात, बशीतला उरलेला नाही. येताना तुम्ही वारा कापत चालवत होतात आणि मी तुमच्या सदऱ्यात तोंड घालून बसले होते. एवढा एक चहा मी जन्मभर लक्षात ठेवला, ह्यावरून बाकीचा जन्म कसा गेला ते ओळखा.

विळीचं तर तुम्हाला आठवत असेलच. इंजिनातून धूर बाहेर सोडणारी जी नळी, ती इंजिनाच्या डोक्याला आवळून धरायला एक गोल चकती होती, कडेला खाचा असलेली. फटफटी जरा फिरून आली की हादऱ्यांनी ती सैल व्हायची. साधा पाना तिला धरत नव्हता, आणि साहेबाच्या पेटीतला वाकड्या टोकाचा पाना हरवलेला. एक दिवस आई मासे कापायला बसली तर पाटाला विळीचं पातंच नाही. तुम्ही ते लोहाराकडं नेऊन, दुमडून ठोकून, टोकाला नख काढून घेतलं होतं. विळीचा बाक आयताच त्या चकतीच्या गोलाईला बसला. आईनं बांगडे हातात घेऊन सगळ्या वाडीला ऐकवलं, "ह्या मेलीनं माझी विळी खाल्लीन!" नवी विळी आली तेव्हा कुठं ती गप्प झाली, आणि म्हणाली, "ते तुमचं हत्यार आता माझ्या विळीच्याच खिळ्याला टांगायचं. माझंच आहे ते." तेव्हापासून तो पाना स्वैपाकघरात. तुम्ही मला दर वेळी सांगायचात, फिरून आलं की गार होऊ द्यायची, मग चकती आवळायची. सैल चालवली तर आटे झिजतात, आणि आटे गेले की डोकंच गेलं.

माझा नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. मी मुलाला घेऊन तुमच्याकडंच राहिले, आणि तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून असेल, तुम्ही मला सड्यावर नेऊन चालवायला शिकवलंत. वर कातळाचं सपाट रान, बघायला गुरांशिवाय कोण नाही. नऊवारीचा काष्टा किक मारायला बरा, हे तुम्हीच म्हणालात. तुम्ही गेलात त्याला विसाच्या वर वर्षं झाली. शेवटी शेवटी तुम्हाला बोलता येत नव्हतं, पण रविवारी सकाळी पडवीकडं बोट दाखवायचात आणि मी ती नुसती चालू करून ठेवायची. आवाज ऐकून झोपायचात. तुमच्या माघारी मी रविवार सोडला नाही. हौस म्हणून म्हणाल तर हौस. नवरा गेला, मुलगा मुंबईला गेला, त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली, ती एकदा येऊन कंटाळून गेली. मी रविवारी सड्यावर जायची, दोन फेऱ्या मारायची, कातळावर बसून समुद्राची रेघ बघायची, परत यायची. वाडीतल्या बायका पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांना सवय झाली. फटफट ऐकू आली की म्हणायच्या, म्हातारी जिवंत हाय. एखाद्या रविवारी नाही आली, तर शेजारीण बघायला यायची.

आता शेजारणीकडं टीव्ही आलाय. रविवारी सकाळी त्यावर देवादिकांचं काहीतरी लागतं, सगळी वाडी आंघोळी करून तिथं जाऊन बसते, टीव्हीला हार घालतात. मीही गेले होते एकदा, मला ते देव फार बोलतात असं वाटलं. ह्या पावसाळ्याआधी, अशाच एका रविवारी, मी सड्यावर थांबले आणि पुन्हा चालू करताना ठिणगीची दांडी मागं घ्यायची विसरले. हॅण्डलावरची ती बारकी दांडी मागं घेतली नाही तर किक उलटी येते, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. उलटी आली. गुडघ्यात कळ गेली आणि मी खाली, ती माझ्या पायावर. पेट्रोल लुगड्यावर सांडत होतं. हाक मारली. दोनदा मारली, मग मारली नाही, उगाच घसा कशाला फोडा. खाली वाडीतून टीव्हीचा शंख ऐकू येत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारणीचा नवरा गुरं बघायला वर आला, त्यानं उचललं. संध्याकाळी शेजारीण शेक द्यायला आली आणि म्हणाली, "काय गो म्हातारे, आज तुझी फटफट परत येताना ऐकलीच नाय मी."

"तुझ्या शंखातनं ऐकू येईल कशी?" म्हटलं.

तिला लागलं ते. पण लागायलाच बोलले होते.

मुलगा मुंबईहून आला, डॉक्टरला दाखवून झालं, आणि जाताना सांगून गेला की गिऱ्हाईक बघितलंय. मी कुरकुर केली पण किक मारायला पाय उचलत नव्हता, तेव्हा कुरकुरीला अर्थ नव्हता. मी मनात ठरवलं होतं, माणूस बघायचा आणि नाही आवडला तर हाकलून द्यायचा. तो आला. चाळिशीचा, चष्म्याचा, कुठल्याशा शाळेत शिकवतो म्हणाला. आधी टाकीला हात लावला नाही, तुमच्यासारखा उकिडवा बसला आणि तारांवरून बोट फिरवलं.

"आजी, गंज कसा काय नाही हो? एवढ्या खाऱ्या वाऱ्यात?"

"खोबरेल," म्हटलं.

"आणि चालवत कोण होतं?"

"मीच."

तो हसला. मग माझ्या गुडघ्याच्या पट्टीकडं बघितलंन आणि हसायचा थांबला. मी विचारलं, नेऊन काय करणार, काचेच्या कपाटात ठेवणार? तर म्हणाला, "नाही हो आजी. रविवारी सकाळी जरा जायचं."

"कुठं?"

"तसं कुठं नाही."

आबा, मी उठले आणि चुलीवरचं बघते म्हणून आत गेले. चुलीवर काही नव्हतं.

बाहेर येऊन म्हटलं, न्या. पैशाचं माझ्या पोराशी बोला. ठिणगीची दांडी कुठं ते दाखवलं, तीनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून, पोरांकडून पाढे घेतात तसं. चौथ्या किकला चालू झाली. वाडीतली माणसं बाहेर आली, मंगळवार होता म्हणून. मग मी तुमची सगळी पेटी त्याच्यासमोर ठेवली, विलायती पाने, तेलाची पिचकारी, फडकीसुद्धा. माणूस हुशार, त्यानं नळीची चकती बघितली आणि विचारलं, "ही कशानं आवळायची? ह्यातला एकही पाना बसत नाही."

"हातानं," म्हटलं.

"हातानं?"

"माझ्या हातानं होते. तुम्ही घाटावर भाकऱ्या खाऊन करता काय मग?"

तो लाजला बिचारा आणि हो म्हणाला. जाताना माझ्या पाया पडला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आपला पत्ता लिहून ठेवलान. म्हणाला, काही राहिलं असेल तर कळवा आजी, मी येऊन नेईन.

पाना आईच्या विळीच्या खिळ्याला आहे. दर दोन दिवसांनी खोबरेल लावते त्याला. आता तीन रविवार झाले म्हणजे चकती सैल झाली असणार, नळी फडफडत असणार, आणि तो मास्तर हातानं आवळून आवळून बोटं भाजून घेत असणार. आटे झिजायला लागले असतील. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, मला नाही म्हणणार, तिला म्हणाल. ते मीठ मी तिला न कळता चारलं होतं, आबा. हे कळून. मुलानं विचारलं तेव्हा सांगितलं की पाना द्यायचा विसरले. विसरले नाही. त्याचा पत्ता ह्याच पानाच्या पुढच्या बाजूला आहे, आणि हा एवढा पाना पोस्टानं पाठवला तर आठवड्यात पोचेल. पण पाना पोचला, तर माणूस कशाला येईल?