फुलसावंगीला गेलेला झोका

आई,

तू शेतातून येशील तेव्हा मी फुलसावंगीच्या वाटेवर असेन. आयुषचा बॅटरीवर हलणारा झोका मी मागच्या आठवड्यात तिथल्या धम्मरत्न यांना विकला. “रिकामा झोका डोळ्यापुढं काहून ठेवतं?” असे तू म्हणालीस, ते मनाला लागले होते. झोका गेल्यावर खोलीत ऊन पडायला जागा झाली, एवढेच.

काल त्यांनी चार्जर मागितला. आज तो मोबाइलवर शोधताना कंपनीची सूचना वाचली. काही झोक्यांचा पट्टा आपोआप सुटतो, म्हणून ते परत मागवले आहेत. आपला त्यांतला आहे का, हे झोक्यामागच्या स्टिकरवरच्या क्रमांकावरून कळते. तो स्टिकर, झोका नवा दिसावा म्हणून, मीच खरवडून काढला होता.

फोन केला तर ते हसले. “अजी, पोरगी त्यात घोरून राह्यली, अन् तुमी मले भेव दाखवता? नंबर जुळते का, ते तं सांगा!” तिला खाली निजवा, एवढेच बोललो. त्यांनी ऐकले असे वाटत नाही. म्हणून पैसे परत देऊन झोका घेऊन येतो. तो आता कोणालाही द्यायचा नाही.

आयुष त्याच पट्ट्यात सात महिने निजला. हे सुरभीला सांगायला हवे. ती त्याला घेऊन माहेरी गेल्यापासून मी एकदाही तिच्या दारी गेलो नाही. परतताना पुसदला उतरेन. दार उघडले, तर मुक्काम तिथेच.

माझे जेवण मात्र झाकून ठेव.

निशांत