गिरणीच्या भिंतीवरची हार्ड डिस्क

बाबा, गिरणी अजून चालू आहे. दगड नवे बसवले, स्टूल तुमचंच आहे. नवीन म्हणजे मी क्यामेरा लावला. तुमी असते तर म्हटलं असतं, "पिठावर कोन डाका घालते वं?" डाका नाई बाबा, भांडणं. कोनी म्हणे माझे गहू बदलले, कोनी म्हणे माझं पीठ कमी आलं. रोज कोनाकोनाच्या तोंडी लागू? म्हटलं, आता क्यामेराच बोलन.

क्यामेरा जे पाह्यते ते एका डबीत साठते, हार्ड डिस्क म्हणतात तिले. ती डबी ज्या मशीनीत बसते, ते मशीन गिरणीच्या पट्ट्याच्या बाजूच्या भिंतीवर फळी ठोकून तिथंच ठेवली. डिस्क दिवाळीत लावली, होळीच्या आधी कटकट करून मेली. क्यामेरावाला म्हणते, "मावशी, ही कंपनीच बेकार. दुसरी घ्या, डोये मिटून चालते." दुसरीनं डोयेच मिटले. मग ज्याले त्याले इचारत सुटली. अमरावतीचा भाचा म्हणे, "आत्या, त्या घरच्या कॉम्प्युटरच्या होत्या, क्यामेऱ्याची वेगळी येते." त्यानं महागाची तिसऱ्याच कंपनीची पाठवली. परतवाड्याची नणंद म्हणे, आमच्या दुकानात तुमची पयलीच कंपनी आहे, इतके वर्षं झाले, शिंकली नाई. गव्हासारखं झालं बाबा, ज्याले त्याले आपलाच गोड. मी आपली ऐकून राहिली अन् कंपन्याइले शिव्या देऊन राहिली.

अन् मग मास्तरीणबाई आल्या. तुमच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तुमी त्यायचा डबा कोनाच्या हाती देत नव्हते. डबा उघडून चिमटीत पीठ धरलं अन् म्हणाल्या, "हे माझं नाही. माझा गहू शरबती होता, हे रेशनचं आहे." गिरणीत चार बाया उभ्या. मी म्हटलं, "बाई, माझ्या हातून असं होत नाई. क्यामेरा पाहू." मशीन लावली तर पडदा काळा. तिसरीही मेली होती. बाई काही भांडल्या नाईत. एवढंच म्हणाल्या, "बरोब्बर आजच बंद पडलं, नाही का?" अन् डबा तिथंच ठेवून गेल्या. चार बायायनं आपापले डबे उघडून पाह्यले. माह्यासमोर.

त्या दिवशी मी गिरणी लवकर बंद केली. पट्टा थांबला तवा माहा हात पाठीमागं भिंतीवर टेकला होता, हाताखालची भिंत थांबली तवा कळलं का ते इतका वेळ थरथरत होती. अन् तुमचं घड्याळ आठवलं. लहान होती मी. तुमी गिरणीत भिंतीवर घड्याळ लावलं, ते बंद पडलं. दुसरं आणलं, तेही. तिसऱ्यावर तुमी घड्याळवाल्याशी भांडून आले. मग एक दिवस भिंतीले हात लावला, हासले, अन् घड्याळ समोरच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन टांगलं. मरेपर्यंत रस्त्यापलीकडं पाहून टाइम सांगत होते. "घड्याळ बिचारं काय करन, भिंतच नाचते," म्हणत होते. हे मले माहीत होतं न बाबा. तरी तीन कंपन्या बदलल्या, भिंत नाई बदलली.

आता मशीन शिंप्याच्या लेकाकडं ठेवली आहे, वायर रस्त्यावरून नेली. चौथी डिस्क पयल्याच कंपनीची घेतली. चालून राहिली, काई तक्रार नाई. मास्तरीणबाई मात्र आल्या नाईत. पाकिटाचं पीठ घेतात म्हणे. त्यायचा डबा फळीवर आहे, जिथं मशीन होती तिथं. गिरणी सुरू झाली का झाकण वाजते.

जावं म्हणते त्यायच्या घरी. पण जाऊन काय सांगू? त्या दिवशी गर्दी होती, पाठ दुखत होती, एकसारखे दोन स्टीलचे डबे बाजूबाजूले होते. बदलले का नाई, मलेच आठवत नाई. तुमाले म्हणून सांगते, दुसऱ्या कोनाले नाई. पडदा काळा दिसला न बाबा, तवा मले जराक बरं वाटलं.