बावन्न जणांनी ऐकलेली गोष्ट

प्रिय व्हानिया,

तिकडे लक्झेंबर्गमध्ये तुला वाटत असेल, आई अजून सहलीच्या आठवणी काढून खूश आहे. नाही. फोन केला असता, पण तू मध्येच रडायला लागली असतीस आणि माझं बोलणं अर्धं राहिलं असतं. म्हणून मासळीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तारल्यांचा वास मारणाऱ्या हातांनी. आजचा तिसरा दिवस आहे लिहिण्याचा. चार इयत्ता शिकलेली बाई आहे मी, चुका काढत बसू नकोस. तुझ्या बापानं आणि तू मिळून माझ्यापासून जे लपवलंत ते मला कळलंय. कसं कळलं ते नीट सांगते, म्हणजे तुझी तिकिटं कशाच्या उपयोगाला आली ते तुलाही कळेल.

तीस वर्षांत आम्ही दोघं गेलो कुठे होतो? फातिमाच्या यात्रेला, बसने, तुझ्या आजीला मधल्या सीटवर घेऊन. आणि तू एकदम विमानाची तिकिटं पाठवलीस, तीन दिवस साव मिगेल बेट, तेही मार्चमध्ये. मी म्हटलं, पोरीला वेड लागलंय, मार्चमध्ये तिथे बेडकंसुद्धा छत्री शोधतात. तू म्हणालीस, आई, तिथे सगळं हिरवंगार असतं. असणारच. पाऊस थांबला तर हिरवं सुकेल ना. त्याच वेळी मला कळायला हवं होतं. माझ्या वाढदिवसाला फोन करायला विसरणारी तू, तुला आमच्या लग्नाची तारीख बरी आठवली.

उतरलो तेव्हा पाऊस, निघालो तेव्हा पाऊस. तुझ्या बापानं भाड्याची गाडी घेतली आणि मला दोन रंगांचं तळं दाखवायला डोंगरावर नेलं. एकच रंग दिसला, पांढरा. धुक्यात कठड्याला धरून उभे होतो, खाली गाई हंबरत होत्या पण दिसत नव्हत्या. तो म्हणाला, मिना, मला तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आधी गाडीत बस, माझे मोजे भिजलेत, आणि कुठल्या शहाण्यानं या तळ्याचे फोटो विकायला ठेवलेत त्याला मला भेटायचंय. तो हसला. गाडीत बसला आणि वायपर चालू केले. झालं ते सांगणं.

फुर्नाशला जेवायला गेलो. तिथे मातीतून वाफा निघतात, सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास, आणि पहाटे जमिनीत पुरलेलं भांडं दुपारी वर काढतात. डुकराचं, कोंबडीचं, कोबी, रताळी, सगळं एकत्र. तुझा बाप असलं भांडं एकटा संपवून पाव मागणारा माणूस. त्यानं कोबीचं एक पान खाल्लं आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी ओरडले, दोघांचं मागवलंस आणि मी एकटी चरतेय, लोक काय म्हणतील. त्याचा पट्टा बघितला तर नवीन भोक पाडलेलं, खिळ्यानं, वाकडंतिकडं. मी विचारलं, कुणासाठी एवढा बारीक होतोयस, तुझ्या डेपोतल्या त्या नव्या कारकून बाईसाठी? शेजारच्या टेबलावरचे हसले. तोही हसला. म्हणाला, मिना, ऐक ना. मी म्हटलं, आधी खा, मग ऐकते. त्या संध्याकाळी तू फोन करून विचारलंस, पप्पा जेवले का, काही बोलले का? मी म्हटलं, काय बोलणार? तू म्हणालीस, काही नाही गं, सहज. तुझं ते सहज मला अजून ऐकू येतंय.

आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण, दोना ओतिलिया, सत्तरीची, माझ्याहून तोंडाळ. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली, आज रस्त्यात यात्रेकरू भेटतील, गाडी हळू चालव बाबा, आमची माणसं तुमच्या शहरातल्यासारखी बाजूला उड्या मारत नाहीत. उपवासकाळात तिथले पुरुष आठवडाभर अख्ख्या बेटाला चालत वळसा घालतात, खांद्यावर शाल, गळ्यात रुमाल, हातात काठी, आणि रात्री मिळेल त्या घरी झोपतात. एकमेकांना भाऊ म्हणतात. तुझ्या बापानं विचारलं, त्यांना प्रार्थना सांगता येते म्हणे? ती म्हणाली, येते की. मधोमध चालतो त्याच्यापाशी जायचं, आपलं काय ते सांगायचं, भाऊ किती आहात विचारायचं, आणि जेवढे असतील तेवढ्या नमो मारिया आपण त्यांच्यासाठी म्हणायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही पण सांगा बाई काहीतरी, नवऱ्याला जरा मांस चढू दे अंगावर. मी म्हटलं, त्याला मांस नको, अक्कल चढू दे.

दुपारी ते भेटलेच. दोन्ही बाजूंना कुरणं, वरून मुसळधार, आणि समोरून ही रांग, सगळे एका सुरात म्हणत येणारे. मी म्हटलं, हॉर्न वाजव. त्यानं गाडी कडेला लावली आणि छत्री न घेता उतरला. मी आतून बघत होते, मधल्या माणसाच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होता. काच धुरकटली होती म्हणून मी ती बोटभर खाली केली. न्यूमोनिया होईल मूर्खा, असं ओरडणारच होते.

दोना ओतिलियानं त्याला एक सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असेल, हे कुणाला माहीत नसतं? कानात सांगितलेलं कानात राहत नाही. मधला माणूस ते म्होरक्याला सांगतो, आणि म्होरक्या सगळ्यांसाठी मोठ्यानं पुकारतो. तुझ्या बापाला वाटलं असणार, पाद्र्याजवळ पापं सांगतात तसं असेल, आत गेलं की आत. म्होरक्या धिप्पाड होता, आवाज माझ्यासारखा. म्हणाला, भावांनो, एका आजारी माणसासाठी. त्याच्या पोटात गाठ आहे. बायकोला सांगायला त्याची जीभ रेटत नाही, आणि तिला सांगितल्याशिवाय उपचार घ्यायचे नाहीत असं त्यानं ठरवलंय. त्याला बोलायचं बळ मिळो.

आणि बावन्न पुरुषांनी, व्हानिया, बावन्न परक्या, चिखलानं माखलेल्या पुरुषांनी माझ्या नवऱ्यासाठी नमो मारिया म्हटली. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, खाली मान घालून, शर्ट पाठीला चिकटलेला. मणके मोजता येत होते. मी काच वर केली. तो आत आला तेव्हा म्हटलं, पाय झटक, गाडी आपली नाही. तेवढंच म्हटलं. परतीच्या रस्त्यावर त्याचे ओठ सारखे हलत होते. त्यांच्यासाठी बावन्न म्हणत होता.

तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारशील. कारण त्यानं मला सांगायला हवं होतं. मला. त्याच्या बनियनला तीस वर्षं साबण लावणाऱ्या बाईला. आधी तुला सांगितलं, मग दवाखान्यातल्या लोकांना माहीत, मग अख्ख्या रस्त्याला, आणि मी काचेमागे. तुम्हा दोघांना काय वाटलं, मी ऐकून बशा फोडेन? फोडल्या असत्या. मग उठून त्याची दवाखान्याची पिशवी भरली असती. माझ्या आईला शेवटी कुणी उचललं, कुणी पुसलं, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, तुला चांगलं आठवत असेल.

घरी येऊन आज नऊ दिवस झाले. मी ठरवलं, गप्प बसायचं, म्हणजे त्याला जागा मिळेल. टीव्ही बंद केला. सूप थंड होतं तरी बोलले नाही. शेजारीण भांडायला आली तिला मुकाट्यानं जाऊ दिलं. काल तो म्हणाला, मिना, तुला बरं नाही का? आपण डॉक्टरकडे जाऊ या का? मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पाणी वाहू दिलं.

म्हणून हे पत्र. माझं गप्प राहणं त्याला उमगत नाही आणि माझं बोलणं त्याला झेपत नाही, आणि दिवस चाललेत. रविवारी अकरा वाजता मी खाली अंगणात कपडे वाळत घालायला जाईन. तेव्हा तू त्याला फोन कर आणि सांग की आईला कळलंय, त्याच दिवशी कळलंय, आणि त्याला आता काही सांगायचं राहिलेलं नाही. मी हरले म्हण हवं तर. मी वर येईन तेव्हा त्यानं तोंड उघडायची गरज नाही, फक्त दवाखान्याचे कागद टेबलावर ठेवलेले असू देत. सोमवारी सुट्टी टाकलीये, पहिल्या बसने त्याला घेऊन जाते. कपडे थोडेच आहेत, पण मी हळूहळू घालेन. आणि तुझ्याशी मला वेगळं बोलायचंय. ते मी विसरणार नाहीये, पण ते त्याच्यानंतर. म्हणजे तो बरा झाल्यानंतर म्हणतेय मी, दुसरं काही नाही.

अजून तरी तुझीच,
आई