अक्षदाची हळद आणि टाकीचा डायग्राम

२ मे.
कंपनीचं ट्रेनिंग संपलं. सिस्टिम आधी चित्रात उतरवायची, मगच हात लावायचा, हे मला पूर्ण कळलंय. साजगावच्या आमच्या कंपनीत बाकी कोणालाच कळलेलं नाही. म्हणून सुरुवात घरापासून. कळंबला आमच्याकडे अजून वनिता पहाटे उठून पंपाचं बटण दाबते, तेव्हा टाकी भरते. इंजिनिअरच्या बायकोवर ही वेळ! बावीसला बहिणीची, अक्षदाची हळद. त्याआधी टाकी आपोआप भरायला लागेल, असा तिला शब्द दिला.

६ मे.
डायग्राम तयार. टाकीतलं पाणी ओळखून पंप चालू करणारा सेन्सर तेवढा आणायचाय. वनितानं विचारलं, सेन्सर कधी आणणार? बायकांना घाई फार.

१३ मे.
‘रिकामी’पासून ‘भरतेय’कडे जाणारा बाण सरळ हवा की वळणाचा? सुट्टी त्यातच गेली. सेन्सर उद्या नक्की.

१७ मे.
सेन्सरसाठी कर्जतला गेलो. अक्षदाच्या हळदीचा फ्लेक्स घ्यायचा होता, तिथंच डायग्रामचाही छापून घेतला. तोवर सेन्सरचं दुकान बंद. ऑनलाइन मागवला. फ्लेक्स सुंदर आलाय.

२१ मे.
व्हर्जन सात, फायनल. ऑटोमॅटिक सिस्टिमला माणूस लागत नाही, म्हणून बटण दाबणारा वनिताचा काडीमाणूस खोडला. चित्र कसं मोकळं झालं! मग भिंतीवरचं बटणही काढलं. वनिता म्हणाली, अहो, आधी सेन्सर तर येऊ द्या. तिला चित्र वाचता येत नाही, तिचा दोष नाही.

२२ मे, दुपार.
कुरिअर खोपोलीत अडकलंय. कशेळ्याहून सहदेवमामा दोन जीपभर पाहुणे घेऊन आले. टाकी तळाला. डायग्रामचा फ्लेक्स मांडवात लावलाय, त्यात टाकीपासून बाथरूमपर्यंत बाण आहेत. पाहुणे बाण बघत बघत बाथरूमला गेले. बाण बरोबर निघाले. पाणी नव्हतं.

संध्याकाळ.
काढलेल्या बटणाच्या वायरी हातानं जोडून बघितल्या. फट्ट झालं, पंप बंदच. मामा म्हणाले, आरं, चितार लय भारी हाय, पर नवरीनं हळद धुवायची कशानं? अक्षदा अंगभर वाळलेली हळद घेऊन ओट्यावर बसली होती. दादा, एकच काम सांगितलं होतं, म्हणाली आणि रडायला लागली. वनितानं शेजारणी गोळा करून हंडे आणले. मीही एक हंडा उचलला. वनितानं तो माझ्या हातातून काढून घेतला. वाईट वाटलं. पण डिझाइनमध्ये चूक नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

२५ मे.
अक्षदा सासरी गेली. निघताना वनिताला मिठी मारली आणि थेट गाडीत बसली. वायरमन बटण पुन्हा लावून गेला. मघाशी सेन्सर आला, वनितानं तो परत पाठवला.
व्हर्जन आठ काढायला बसलो. वनिताचा काडीमाणूस पुन्हा घातला, बटणाला जोडला. आपलाही असावा म्हणून शेजारी एक काढला. तो कशाला जोडायचा, ते सुचेना. सॉफ्टवेअरनं विचारलं, हा घटक कशालाच जोडलेला नाही, काढून टाकू का?
बाहेर वनितानं पंप चालू केला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.