माशीचे मूळ गाव

३ फेब्रुवारी २०२५, सकाळ
माडांच्या पानांखाली पांढरी माशी. आमच्या वाड्यावरच्या साऱ्या घरांचे माड काळवंडले. माझ्यासारखा बी.कॉम. मनुष्य कारणावाचून परिणाम मानीत नाही. कारण उघड आहे : शेजारी गणपतचा ट्रक. कोल्हापूरला जातो, माशी घेऊन येतो. तो वाड्यावर उभा करू देऊ नये, अशी पंचायतीत तक्रार केली.

५ फेब्रुवारी
गणपत दारात. म्हणतो, "माझ्या ट्रकात खडी असता, भाऊ, माशी नाय. ट्रक गेलो तर खांव काय?" मी सांगितले, विज्ञान ठरवील.

११ फेब्रुवारी
किडींवर संशोधन करणारी सायली माशा घेऊन गेली. डीएनए कुठल्या भागातल्या माशीशी जुळतो, त्यावरून मूळ कळते म्हणे. उत्तम! निकाल देवळात सर्वांसमक्ष वाचायचा, असे जाहीर केले. वाचणार अर्थात मी.

२ मार्च
सायलीचा फोन. माशी कोल्हापूरकडची नाही, तामिळनाडूतली. तिकडून कोणी माडाचे काही आणले होते का, असे तिने विचारले.
गेल्या चवथीत गणपतीवर फळे-फुले बांधून टांगायच्या माटोळीसाठी मी तिथूनच केशरी नारळांचा घड आणला होता. स्पर्धेत पहिला नंबर! विसर्जनानंतर घरोघरी एकेक नारळ वाटला. अर्थात संबंध नाही. घड धुतला होता.
बायको मालती म्हणते, धुतला नव्हता. धुतल्यास रंग जाईल, असे मीच ओरडलो होतो.

४ मार्च
निर्धार : मौन. मोपाच्या विमानतळावर विमाने उतरतात. माशी विमानाने येऊ शकते. मालतीने विचारले, ती टॅक्सी करून नेमकी आपल्याच वाड्यावर आली काय. बेल वाजली की न्हाणीघरात जातो.

९ मार्च, रविवार
घसा बसल्याचे सांगितले. निकाल गणपतने वाचला. 'तामिळनाडू' ऐकताच रुक्मिणीकाकी उठल्या. म्हणाल्या, "भाऊच्या नारळाक पांढरा कायतरी होता. विभूत समजान मी कपाळाक लावलंय!"
देऊळ हसले. गणपत हसला नाही. मला पाणी दिले.

१० मार्च
तक्रार मागे घेतली. कारण : शेजारधर्म. गणपतने ट्रकातून पाण्याची टाकी आणली. सर्वांचे माड धुवायचे आहेत. पाईप मी धरतो. संबंध नाही, हे मत कायम.
यंदाच्या चवथीत माझी माटोळी टांगण्यापूर्वी गणपत तपासणार, असे वाड्याने ठरवले आहे.