सुईची दांडी

लातूर,
१४ डिसेंबर १९९७

ती. बसवराजदादा,

महानंदाचा शरणार्थ. तुझं पत्र पोचलं. वहिनी शिवणाच्या क्लासला जायला लागल्या, हे मी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. नांदेडला थंडी असेल. इथे सकाळी धुकं कोणतं आणि डाळमिलची धूळ कोणती, ते कळत नाही.

माझं ठीक आहे. कोचिंग क्लासमध्ये फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. घेते म्हणजे, रीडिंग फळ्यावर लिहून देते आणि मुलं ती पाठ करतात. मी सरांना म्हटलं, मुलांनी एकदा तरी स्वतः मोजायला हवं. "मॅडम, साधनं आणा, मोजू द्या," ते म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपला.

तेव्हापासून क्लास सुटला की मी आप्पांच्या वर्कशॉपमध्ये बसते. भंगारातून साधनं करते. सध्या उंची मोजायचा छोटा गेज चाललाय. डाळमिलच्या जुन्या बेअरिंगची रिंग घासून बैठक केली, मोडक्या कॅलिपरची पट्टी घेतली. आप्पा म्हणतात, "बी.एस्सी. करून भंगारवालीच झालीस की गं." पण माझी पाठ वळली की बैठक सपाट झाली का ते बघायला ती काचेवर ठेवून खालून कागद सरकवतात.

गेजला एक उभी दांडी लागते. बारीक, सरळ, गुळगुळीत. स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरची जाड पडली. जुन्या प्रिंटरची वाकलेली निघाली.

आईच्या शिलाई मशीनचं शेवटी लिहिणार होते. आताच लिहिते.

वहिनींसाठी न्यायचं म्हणतोस, पण ते चालणार नाही, दादा. भूकंपात आई गेली त्या पहाटे गावाकडची भिंत मशीनवरही पडली. बिडाच्या अंगाला आतून तडा आहे. तो सांधला तरी आतले दांडे पुन्हा एका रेषेत येणार नाहीत. आप्पांनी आईची भांडी मोडीत घातली, तेव्हा तू भांडून निघून गेलास. जाताना म्हणालास, मशीनला हात लावायचा नाही. आप्पांनी नाही लावला. मशीन भरलेलं पोतं त्यांच्या बाजेखाली तसंच होतं. तुझं पत्र आल्यावर मी सोडलं, दुरुस्त होईल असं वाटून.

एक भाग शाबूत निघाला. जिच्या टोकाला सुई बसते, ती दांडी. मी काचेवर लोळवली. कुठे अडखळली नाही, म्हणजे वाकलेली नाही. पण मधोमध खालून केसाएवढा उजेड दिसला. तिथे ती झिजली आहे.

आप्पांना दाखवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"लई शिवलं तुझ्या मायनं," म्हणाले. मग दांडी उलटी धरून, "वरचं टोक कोरं हाय. तेवढं तुझ्या कामाचं." आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेले. चहा आला, ते आले नाहीत.

मला ते वरचं टोक हवं आहे. झिजलेला भाग गेजला चालत नाही. त्यावर सरकणारा तुकडा डुलतो आणि माप खोटं येतं. म्हणून तो भाग तुला. वहिनींना मशीन देता येत नाही, याचं वाईट वाटतं. पण तुला न विचारता दांडी कापणार नाही. हॅक्सॉ खिळ्यालाच टांगलेला आहे.

आणखी एक. दांडी व्हाइसच्या जबड्यात आवळली तर तिच्यावर त्याचे दात उमटतील. कापताना दुसरं टोक हाताने धरायला कोणीतरी लागेल. आप्पांचा हात आता थरथरतो. तेव्हा तू ये.

जबड्यांना तांब्याचा पत्रा लावला की दात उमटत नाहीत, हे तुला माहीत आहे. आप्पांनीच शिकवलं होतं तुला. तरी ये.

तोवर दांडी अख्खी ठेवणारी,
तुझी महानंदा